३८ हजाराला ठेवली, साडेचार हजाराला काढली

२०२२ च्या मे महिन्यात मी एका अकरा वर्षं जुन्या डिझेल गाडीवर ३८ हजार रुपये घातले, तेव्हा घरचे-दारचे सगळे म्हणले चुकायलास. तीच गाडी २०२५ च्या जानेवारीत साडेचार हजाराच्या कामावरून विकली, तेव्हा परत तेच लोक म्हणले चुकायलास, एवढ्याशा कामासाठी कुणी गाडी काढतं का. दोन्ही वेळचा माझा हिशोब बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि तो हिशोब नीट मांडावा म्हणून हे लिहायलोय.

माझं केजला कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाणं न्यायला येणारा माणूस आधी पावसाचं बोलतो, मग भावाचं बोलतो, आणि मग दारात लावलेल्या त्याच्या गाडीकडं बघत विचारतो, भाऊ, हिचं काम निघालंय, पंचवीस हजार सांगायलेत, करू का काढून टाकू? उत्तर देणारे दोनच प्रकारचे भेटतात. एक म्हणतो जुन्यात किती पैसे घालशील, नवी घे, लोन मिळायलंय. दुसरा म्हणतो इंजिन चालू आहे तोवर गाडी विकायची नसते. दोघंबी गाडीचं बॉनेट न उघडता बोलतात.

माझी गाडी २०११ ची, मी २०१६ ला सेकंडहँड घेतली होती. मे महिन्यात दुपारी अंबाजोगाईला चाललो होतो, बाहेर ४३ डिग्री, एसी चालू, चंदनसावरगावच्या पुढं टेम्परेचरचा काटा वर गेला आणि बघेपर्यंत लाल पट्ट्यात. गाडी बाजूला घेतली, बॉनेटमधून वाफ. टेम्पोला टोचन लावून केजला आणली. आमचे मिस्त्री, त्यांना सगळे चाचाच म्हणतात, त्यांनी डिपस्टिक काढून दाखवली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधली पाणी-ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, उडाली होती. मग रेडिएटर काढून उलटा केला तर आतून पांढरा चुन्यासारखा थर पडला. चाचा म्हणले, दादा, गाडी मेलेली नाही, हिला पाण्यानं मारलंय.

हे पाण्याचं जरा थांबून सांगतो, कारण आपल्या भागात जेवढ्या गाड्या वयाच्या आधी गॅरेजला लागतात त्यातल्या कितीतरी ह्याच पायी लागतात. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. गिझरची कॉइल दोन वर्षात पांढरी होते, नळाच्या तोटीवर खवले बसतात, हे प्रत्येकाच्या घरात दिसतं, पण तेच पाणी आपण बाटलीत भरून रेडिएटरमध्ये ओततो आणि वर म्हणतो पाणी तर आहे की आत. ते पाणी तापलं की त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यात बसत जातो, नळ्या अरुंद होतात, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की ते वाकतं, आणि हेड वाकलं की गॅस्केट टिकत नाही. कूलंट नुसतं थंड ठेवायला नसतं, ते गंज आणि क्षार धरू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिळून हजार रुपयाच्या आत काम होतं. माझ्या गाडीचं ते हजार रुपयाचं काम आधीच्या मालकानं केलं नाही आणि नंतर सहा वर्षं मीही केलं नाही.

बिल असं झालं. हेड बीडला पाठवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, गॅस्केट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नवीन रेडिएटर, होज पाइप, आणि एवढं उघडलंच आहे तर टायमिंग चेनचा किट, मजुरी धरून ३८ हजार. गाडीची तेव्हाची किंमत चांगली मागणारा आला तर दीड लाख. आमचे दाजी त्याच दिवशी घरी आले होते, ते म्हणले, गाडीच्या किमतीच्या पावपट एका झटक्यात घालायलास, उद्या दुसरं काहीतरी निघंल, त्यापेक्षा आहे तशी दे आणि नवी उचल.

आता हा जो नियम लोक सांगतात ना, की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर गेली की गाडी काढायची, तो कुठून आला माहीत नाही पण मला तो पटत नाही. इन्शुरन्स कंपनीचा एक नियम आहे, अपघातात दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. तो कंपनीसाठी बरोबर आहे, कारण कंपनीला नुसता चेक द्यायचा असतो, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाईला जायचं नसतं. आपल्याला जायचं असतं. गाडीची बाजारातली किंमत दीड लाख आहे म्हणजे दीड लाखात मला तसलीच चालती, ओळखीची गाडी दुसरी मिळंल असं नाही. दीड लाखात मिळंल ती कुणाची तरी दुसऱ्याची, जिचं काय निघायचंय ते मला माहीत नसलेली गाडी. म्हणून ताळा करायचा तो असा: जुनी ठेवली तर पुढच्या वर्ष-दोन वर्षात खिशातून किती जाणार, आणि तिच्या जागी जी येणार ती घेतली तर तेवढ्याच दिवसात किती जाणार. जुन्या गाडीची बाजारातली किंमत त्यात फक्त एका कोपऱ्यात येते, विकली तर हातात किती पडतील तेवढ्यापुरती.

दाजींच्या समोरच बसून मी तो ताळा केला. नवी गाडी रोडवर येऊन ८ लाख, २ लाख डाउन, ६ लाख लोन साडेनऊ टक्क्यानं सात वर्षांसाठी, हप्ता ९,८०० च्या आसपास. सात वर्षात व्याजच सव्वादोन लाख. आता हप्ता म्हणजे सगळा खर्च नाही, त्यातून गाडी आपली होत असते, हे दाजींचं म्हणणं बरोबर होतं. मग गाडीचं काय होत असतं तेबी बघितलं पाहिजे. इन्शुरन्सच्या आयडीव्हीचा तक्ता काढा, वर्ष पूर्ण झालं की २० टक्के गेले, दोन झाली की ३०, तीनला ४०, आणि चौथं संपलं की ५० टक्के. शोरूमची किंमत ७ लाख धरली तर पाच वर्षात साडेतीन लाख नुसते वयानं गेले, वर्षाला ७० हजार, त्यात व्याजाचे वर्षाला ३२ हजार. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी लाख रुपये, सर्व्हिसिंग आणि फुल इन्शुरन्स वेगळं. जुन्या गाडीचा त्या वर्षीचा खर्च, म्हणजे ३८ हजार, वर दोन टायर, बॅटरी आणि नेहमीची सर्व्हिसिंग, असा मिळून ७४ हजार झाला, किमतीतली घट पंधरा हजार धरा, इन्शुरन्स थर्ड पार्टीचा ३,४१६ आणि वर टॅक्स. नव्वद हजाराच्या थोडं पुढं. आणि हे तिचं सगळ्यात वाईट वर्ष होतं, पुढच्या वर्षी परत हेड गॅस्केट उडणार नव्हतं.

पण मला खरं अडवलं ते ह्या लाख-नव्वद हजारानं नाही, हप्त्याच्या तारखेनं अडवलं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,३०० रुपये क्विंटल होता. ९,८०० चा हप्ता म्हणजे दर महिन्याला सव्वादोन क्विंटल सोयाबीन, ८४ महिन्याचं १९० क्विंटल. एकरी सहा-सात क्विंटल धरलं तर सात वर्षं दरवर्षी चार-साडेचार एकराचं आख्खं पीक, त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी काही वजा न करता, नुसतं गाडीच्या हप्त्याला. आणि हमीभाव कागदावर असतो, बाजार समितीत त्याच्या खाली विकून आलेले शेतकरी माझ्याच दुकानात उधारी मिटवायला येतात, मला माहीत आहे.

मराठवाड्यात पैसा वर्षातून दोनदा येतो. सोयाबीन-कापूस गेला की एकदा, आणि रबीचं हरभरा-ज्वारी किंवा ऊस गेला तर एकदा. माझं दुकान असलं तरी माझा पैसाबी तसाच, कारण माझी उधारी शेतकऱ्याकडं असते. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. खात्यात पैसे नसले की बाउन्सचा चार्ज, सिबिल खराब, मग पुढच्या पीककर्जाला बँक तेच काढून दाखवते. मिस्त्रीचं तसं नसतं. चाचांना मी म्हणलं, वीस आता देतो आणि अठरा सोयाबीन गेल्यावर, ते म्हणले बरं. दुरुस्तीचा खर्च कधी येईल सांगता येत नाही हे खरं, पण आल्यावर तो थोडा थांबतो, पुढं-मागं करता येतो. पगारदार माणसाला हा फरक कळत नाही आणि गाड्या विकणारी माणसं पगारदाराच्या हिशोबानंच बोलतात. शहरातल्या माणसाचा सल्ला शेतकऱ्यानं जशाचा तसा घेऊ नये असं मला वाटतं ते ह्याच्यासाठी.

तर गाडी ठेवली. अडीच वर्षं ती नीट चालली, चाळीस हजार किलोमीटरच्या वर पळाली, लग्नं, दवाखाने, संभाजीनगरच्या फेऱ्या, सगळं.

आता साडेचार हजाराचं. २०२४ च्या पावसाळ्यानंतर गाडी चालता-चालता बंद पडायला लागली. गरम झाली की बंद, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की सेल्फ मारला की चालू, जसं काही झालंच नाही. चाचांनी क्रँक सेन्सर बदलला, गरम झाल्यावर सेन्सर सिग्नल देणं सोडतो आणि इंजिनला कळत नाही डिझेल कधी मारायचं, थंड झाला की परत देतो, असं बऱ्याच गाड्यात होतं. महिनाभर बरी चालली, परत तेच. मग रिले बदलली. मग वायरिंग उघडली तर उंदरानं दोन ठिकाणी कुरतडलेली, आपल्याकडं उसाच्या फडाजवळ घर असलं की हा त्रास कायम, ती जोडली. दर वेळी हजार, दीड हजार. चौथ्या वेळी त्यांनी सांगितलं, आख्खा हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, चेक करावा लागंल, साडेचार हजार होतील, पण त्यानं जाईलच असं मी सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून मी त्यांना मानतो.

त्याच्या आधीच्या आठवड्यात आईला संभाजीनगरला दाखवून परत येत होतो. गेवराई सोडलं, रात्रीचे साडेदहा, पाडळशिंगीच्या अलीकडं हायवेवर डिव्हायडरकडच्या लेनमध्ये गाडी बंद पडली. स्टिअरिंग जड, ब्रेक जड, मागून ट्रक. गाडी कशीबशी कडेला घेतली, आई मागच्या सीटवर, तिला उतरवून बॅरियरच्या पलीकडं उभं केलं आणि मी मोबाईलचा टॉर्च घेऊन मागं शंभर पावलं जाऊन उभा राहिलो, येणाऱ्या गाड्यांना हात करत. वीस मिनिटानं गाडी चालू झाली. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बायको म्हणली, पोरांना घेऊन मी ह्या गाडीत रात्री बसणार नाही. ती आधी कधी गाडीबद्दल काही बोललेली नव्हती.

गाडी काढायची वेळ आली ती तिथं. ३८ हजाराचं काम मोठं होतं पण त्याला तळ होता. काय बिघडलं, का बिघडलं, काय बदललं की जाईल, हे सगळं टेबलावर होतं. साडेचार हजाराच्या कामाला तळ नव्हता. क्लचप्लेट, शॉकअप, लोअर आर्म, पाटे, इंजेक्टर, अगदी टर्बोसुद्धा, ही कामं महागडी असली तरी एकदा केली की काही वर्षं तिकडं बघायचं काम नसतं, आणि ह्या कामांना घाबरून लोक गाडी फुकाच्या भावात देऊन टाकतात ते मला बघवत नाही. उलट वायरिंगचा न सापडणारा दोष, चेसिसला लागलेला गंज, मोठ्या अपघातात वाकलेली गाडी, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, ह्यांचं बिल दर वेळी छोटं येतं म्हणून माणूस त्यात अडकत जातो. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं जो पाऊस झाला, धाराशिव-बीडात नद्या गावात शिरल्या, त्यात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या ज्या धुऊन-पुसून आता बाजारात यायलेत त्यांच्यापासून जपून राहा असं मी गिऱ्हाईकांना सांगतोय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ सापडते.

आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे, तो लोक मोजत नाहीत. इथं पत्रा सडत नाही. मुंबई-कोकणातनं आलेली गाडी वरून चकाचक आणि मॅट उचललं की फ्लोअर गेलेला, तर इथली पंधरा वर्षांची गाडी खालून कोरडी ठणठणीत. इथं मरतं ते रबर आणि प्लास्टिक, उन्हानं. बुश, होज, बेल्ट, वायपर, टायरच्या बाजू. आणि धुळीनं एअर फिल्टर. काळ्या रानातनं, कच्च्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघत ठेवला तर तो त्याच्या कितीतरी आधी भरलेला असतो. हे सगळं स्वस्तात बदलण्यासारखं आहे. म्हणजे मराठवाड्यातली सांभाळलेली गाडी पंधरा वर्षांवर सहज जाऊ शकते, तिला जाऊ दिलं तर.

जाऊ दिलं तर, हे मुद्दाम म्हणतोय. आमच्याकडं अर्ध्या लोकांना वाटतं की पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार उचलून भंगारात घालतं. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम आला, तो तिथल्या हवेसाठी, त्याचे व्हॉट्सॲपवर इथं मेसेज फिरतात आणि गाड्या घ्यायला-विकायला बसलेले एजंट त्यावर भाव पाडतात. इथला नियम वेगळा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी परत पासिंग करून घेता येते. पण त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून कारसाठी ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० केली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. बंदी घातली नाही, पण दिशा दिसते.

माझा विरोध ह्याला आहे की मोजायलेत ते वय. बीडातल्या एखाद्या रिटायर मास्तरांची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते आणि एखादी भाड्याची जीप वर्षाला साठ हजार, दोन्हींचा जन्म एकाच साली म्हणून दोन्ही सारख्या म्हाताऱ्या कशा? धूर किती मारते, ब्रेक किती धरतात, चेसिस शाबूत आहे का, हे मशीनवर तपासता येतं. २०२१ ला केंद्रानं स्क्रॅपिंगचं धोरण आणलं तेव्हा त्यात ऑटोमेटेड टेस्टिंगचीच भाषा होती, खासगी गाडीची वीस वर्षांनंतर आणि व्यावसायिक गाडीची पंधरा वर्षांनंतर तपासणी, नापास झाली तर भंगार. ती गोष्ट मला मान्य आहे. नापास गाडी रस्त्यावर नकोच, मग ती कुणाचीबी असो. पण तपासणीचं मशीन केज-किल्लारी-कळंबच्या माणसाच्या टप्प्यात आलं पाहिजे आणि त्याचा छापील निकाल, कुठला ब्रेक किती टक्के, मालकाच्या हातात मिळाला पाहिजे. तोवर नुसती फी वाढवत जाणं म्हणजे ज्याला नवी परवडत नाही त्याच्याकडूनच जुनी ठेवल्याचा दंड घेणं.

भंगारात घातलेली गाडी संपली असंबी नाही. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई होते, हे चांगलंच आहे. पण नवी गाडी तयार करायला लागणारं लोखंड, प्लास्टिक, वीज हे सगळं हिशोबात धरायचं सोडून जुनी म्हणजे प्रदूषण आणि नवी म्हणजे स्वच्छ एवढंच सांगितलं जातं, ते अर्धवट आहे.

एका बाबतीत मात्र जुनी गाडी ठेवणाऱ्यांच्या, म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांच्या विरोधात मी बोलणार आहे. २०१९ च्या जुलैपासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा त्याच वर्षीपासून, आणि २०२२ पासून पुढच्या दोन्ही एअरबॅग. माझ्या २०११ च्या बेस मॉडेलला ह्यातलं एकबी नव्हतं. धुळे-सोलापूर हायवे चौपदरी झाल्यापासून आपण शंभरच्या स्पीडनं जायलोत, आणि जातो त्या गाडीत जी साठच्या रस्त्यासाठी घेतली होती. गावातल्या गावात आणि शेतात फिरायला गाडी असेल तर ठीक, पण ज्याच्या महिन्यातून चार फेऱ्या पोरंबाळं घेऊन हायवेनं होतात त्यानं दुरुस्तीचा हिशोब कितीबी स्वस्त पडला तरी हे धरावं. माझ्या ३८ हजाराच्या हिशोबात हे नव्हतं. पाडळशिंगीच्या रात्रीनंतर मला ते कळलं.

आणि नवी म्हणजे भरवशाची, हेबी तालुक्याच्या ठिकाणी तपासून बघावं लागतं. भरवसा नुसता इंजिनमध्ये नसतो, बिघडल्यावर कुठं आणि किती दिवसात नीट होते ह्यातबी असतो. जी गाडी बसस्टँडमागच्या गॅरेजात उघडता येते, जिचा पार्ट आज फोन केला की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याहून निघून सकाळी हातात येतो, ती माझ्या दृष्टीनं भरवशाची. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमातल्या, डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो, ती काजळी जळायला गाडी अधूनमधून लांब आणि एका स्पीडनं पळावी लागते. दिवसभर गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या माणसाची तसली गाडी चोक होते, लाइट लागतो, आणि मग ती जिल्ह्याच्या वर्कशॉपला न्यावी लागते कारण इथल्या मिस्त्रीकडं त्या कंपनीचा स्कॅनर नसतो. तो मिस्त्रीचा दोष नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता तो ह्याच्यासाठीच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. पुढं ते अपिलात गेलं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. पण चाचांच्या गॅरेजमध्ये अजूनबी ते दुसऱ्याकडून मागून आणलेल्या मशीनवर बिघाडाचे कोड वाचतात. चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला माहिती न दिल्यामुळं अडाणी ठरवलं जातंय, ह्याचं मला वाईट वाटतं, आणि त्याचा भुर्दंड शेवटी गाडीवाल्यालाच पडतो.

मी गाडी विकली ती चाचांनाच. दोष त्यांना माहीत होता, त्यांना ती गावातल्या गावात पार्ट आणायला पाहिजे होती, भाव आम्ही त्या हिशोबानंच ठरवला. २०१६ पासून गाडीत एक वही ठेवली होती, किती किलोमीटरला काय काम केलं, किती पैसे, कोणता पार्ट. चावीच्या आधी त्यांनी ती वही मागून घेतली.

ती वही किती कामाची होती ते मला दुसरी गाडी शोधायला लागल्यावर कळलं. २०१९ नंतरची पेट्रोल, दोन एअरबॅगवाली बघत होतो, सेकंडहँडच, कर्ज न काढता. सात गाड्या बघितल्या. एकीचा मीटर ४६ हजार दाखवत होता आणि क्लचचं पेडल घासून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरच्या सीटचा फोम बसलेला, ४६ हजारात हे होत नाही. मीटर मागं फिरवणं हे आता लॅपटॉपवर अर्ध्या तासाचं काम झालंय, आणि माझ्यासारखा माणूस जो वर सांगितलेला सगळा हिशोब करतो त्याच्या हिशोबाचा पायाच त्या आकड्यावर असतो. आकडा खोटा असला की दुरुस्ती करावी का गाडी बदलावी हा प्रश्न विचारण्यातबी अर्थ राहत नाही.

ह्यावर एक करता येण्यासारखं आहे आणि त्याला नवीन ऑफिस लागत नाही. पीयूसी प्रत्येक गाडीला काढावीच लागते, बीएस-४ आणि त्याच्या पुढच्या गाडीला वर्षातून एकदा, जुन्या गाडीला सहा महिन्यानं. तिथं गाडीचा फोटो निघतो, माहिती ऑनलाइन चढते. त्याच वेळी मीटरचा आकडा टिपून सर्टिफिकेटवर छापायचा आणि गाडीचा नंबर टाकला की मागचे सगळे आकडे घेणाऱ्याला दिसायचे, बस. दर वर्षी एक आकडा चढत गेला की मधेच कुणाला मागं फिरवता येणार नाही. आमदार-खासदारांकडं आपण रस्त्याची, पुलाची मागणी घेऊन जातो, ही एक मागणी घेऊन मी गेल्या महिन्यात गेलो होतो, लेखी दिलीय, पोच घेतलीय.

गाडी शेवटी लातूरला मिळाली, एका शिक्षक बाईंची, सगळी बिलं फाइलला लावलेली. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं. आत हिरवं कूलंट होतं, स्वच्छ.